होडयेतली भाजी शिवराक आसा काय?

पंप बंद पडला की माणूस आधी बटण दोन-चारदा खालीवर करतो, मग वायरमनला शिव्या घालतो, मग पंपाला एक लाथ घालतो आणि हे सगळे उपाय थकले की मला फोन करतो. मी जाऊन बघतो तर विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी, फुटव्हॉल्व्हमध्ये, बेडूक. बेडूक बाहेर काढून दाखवला की गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं, मीच तो खिशातून आणल्यासारखं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर बायको म्हणाली, “बेडकांवर लिवा, दुसरां काय आसा तुमच्याकडे?” तिचा मान राखून बेडूक सुरुवातीलाच घेतले. आता कामाचं लिहितो.

जन्म गेला माझा पाणी खालून वर चढवण्यात. आरोंद्यापासून बांद्यापर्यंत ज्या विहिरीत मी उतरलो नाही ती विहीर बुजलेली तरी असेल नाहीतर कोरडी. नमुनेही भेटले. एकाला पंप हवा होता पण आवाज नको होता, कारण सासू दुपारची झोपते. एकाने बोअरचा पंप सुरू करायला मुहूर्त काढला आणि नेमकी त्याच मुहूर्तावर लाईट गेली, तर माझ्या पायगुणावर आलं. असल्यांशी मी भांडत नाही. म्हणजे भांडतो, पण काम झाल्यावर.

एवढं सगळं करूनही लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात ते एकाच कामाबद्दल. होडीत मासे आणि पिंपात भाजी. ते काम माझ्या शेजारणीचं, शालनवैनीचं.

शालनवैनीचा नवरा माझा दोस्त. तो गेल्यावर ती खाडीकाठचा मळा एकटीने करायची आणि भाजीची पाटी घेऊन बांद्याच्या बाजाराला जायची. तिची लाल भाजी बाजारात मांडली की गिऱ्हाइकं दुसऱ्या पाटीकडे बघत नसत. मग एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बांध फुटला आणि खाडी मळ्यात शिरली. पाणी ओसरलं, पण मीठ काही ओसरलं नाही. विहीर मचूळ झाली. पुढल्या वर्षी तिने पेरलं ते कोंब वर येऊन जळालं. लांबून गोडं पाणी आणताना एकदा घसरून पडली, हात गळ्यात आला, आणि मुंबईहून तिचा मुलगा महेश धावत आला.

महेश वाईट मुलगा नव्हे, हे आधीच सांगतो. रोज फोन करणारा. नवराबायको दोघं नोकरीला, लहान पोरगी शेजाऱ्यांच्या जिवावर. तो म्हणाला, “आई, आता काय उरलंय इथे? चल माझ्याबरोबर.” बोलणं रास्त होतं. शालनवैनी म्हणाली, “येत्या चवतीच्या बाजारात माझी भाजी इकली गेली नाय, तर तुझ्यावांगडा मुंबैक येतंय. इकली गेली, तर परत ह्यो विषय काढूचो नाय.” चवत म्हणजे गणेशचतुर्थी. महेशने कबूल केलं. मिठाच्या मळ्यात काय पिकणार, असं त्याच्या मनात असणार. माझ्याही होतं.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी ही बया मोबाईल घेऊन माझ्या दारात. “बाबल, ह्यां बघ.” कुठल्यातरी परदेशातला व्हिडिओ होता. टाकीत मासे, टाकीवर भाजी, माती कुठेच नाही. मी म्हटलं, “वैनी, ह्यां गोऱ्यांचे खेळ. हयसर उन्हाळ्यात माणसां उकडतत, मासे काय जगतले?”

“पाणी खालसून वर चढवचां तुझां काम. बाकीचां मी बघतंय,” ती म्हणाली. मला राग आला. आणि राग आला की मी काम घेतो, ही माझी जुनी खोड आहे.

वाडीतल्या बायकांचा बचत गट तिच्या मागे उभा राहिला, कारण खाडीने एकट्या तिचाच मळा खाल्ला नव्हता. मुलं नाहीत म्हणून बंद पडलेली वाडीतली शाळा होती. पंचायतीने तिचं पटांगण वापरू दिलं. शाळेचं मोठं छप्पर बघून माझं निम्मं काम झालं. पन्हळीला पाइप लावला की पावसाचं गोडं पाणी फुकट. आता नवीन काही विकत आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. पिंपं हवी होती. इथे एक धडा देऊन ठेवतो. जुनं पिंप घेताना आधी त्यात नाक घालायचं. कोकमाचा वास आला तर घ्या, लोणच्याचा आला तरी घ्या, धुऊन निघतं. नाक चुरचुरलं तर देणाऱ्याच्या डोक्यावर उलटं घाला. एक शहाणा कुठल्याशा कारखान्याची, कवटीचं चित्र असलेली पिंपं घेऊन आला होता. “धुतली की झाली,” म्हणे. त्याला मी पिंपांसकट वाटेला लावला. आम्ही कोकम आगळाची निळी पिंपं उभी चिरून त्यांच्या पन्हळी केल्या.

माशांसाठी टाकी मात्र मिळेना. तेव्हा शालनवैनीने पास्कूच्या होडीचं नाव काढलं.

पास्कू म्हणजे खाडीच्या कडेला राहणारा आमचा जुना मच्छीमार. त्याची फायबरची होडी तळाला चिरली होती आणि माडाखाली उपडी पडून होती. आम्ही मागायला गेलो तर तो आधी ऐकूनच घेईना.

“होडयेत पाणी भरतलात?” तो ओरडला. “मेल्यांनो, जन्मभर मी त्या होडयेतलां पाणी उपसलंय!”

“म्हणान तर तुका म्हायती आसा ना, पाणी खंयसून येता तां,” शालनवैनी म्हणाली. “थंयसर ठिगळ लाव म्हणजे झालां.”

यावर त्याला हसू आलं आणि होडी मिळाली. फायबर आणि रेझिन घेऊन त्याने स्वतः ती सांधली. आजवर पाणी आत येऊ नये म्हणून सांधत आलेला माणूस, आता ते बाहेर जाऊ नये म्हणून सांधताना दहादा चुकला आणि प्रत्येक वेळी त्याचं खापर त्याने माझ्यावर फोडलं.

हा प्रकार चालतो कसा, ते सांगतो. मासे खातात आणि घाण करतात. ते पाणी पंपाने वर पिंपांत सोडायचं. पिंपांत खडी भरलेली असते. त्या खडीच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे जंतू धरतात आणि माशांच्या घाणीचं खत करतात. भाजीची मुळं ते खत पितात आणि पाणी साफ होऊन परत होडीत पडतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. उडालं तेवढं वर घालायचं. म्हणून खारट गावात हा प्रकार बरा. पिंप भरलं की आपोआप रिकामं व्हावं यासाठी त्यात एक उभा पाइप आणि त्याच्यावर टोपी घातलेला मोठा पाइप बसवतात. पाणी काठाला आलं की एकदम गडगड करून सगळं खाली जातं. मी त्याला सायफन म्हणत होतो. बायका म्हणाल्या, “पिंपान ढेकर दिल्यान.” तेव्हापासून तो ढेकरच.

मग मासे कुठले घालायचे? व्हिडिओत तिलापिया होता. नाव काढताच बायकांनी नाकं मुरडली. “गोड्या पाण्यातलो मासो कोण खाता? चिखलाचो वास येता तेका.” आमच्याकडे गोड्या पाण्यातला मासा म्हणजे नाइलाजाने खायची गोष्ट. पास्कू म्हणाला, “काळुंदर घाला. खाडयेतलो, आपलो. गोड्या पाण्याक हळूहळू सवय लाव, जगता.” त्याने बारीक काळुंदर धरून आणले, खाडीच्या पाण्यात रोज थोडं थोडं गोडं पाणी मिसळत गेला, आणि खरंच जगले.

पंप सुरू करायच्या दिवशी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे शिडीही भिंतीला टेकवत नाहीत. वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी नारळ ठेवला आणि हात जोडून सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा! आज ह्या साळेच्या पटांगणात, ह्या होडयेत, वाडयेतल्या बायकांनी मासे सोडले आसत. कोणाची नजर लागली आसात तर ती बाजूक कर, आणि तेंच्या मळ्याक यश दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज पास्कूचा, गळ्यात क्रूस घालून.

“आणि लाईट घालव नको रे म्हाराजा!” मी मध्येच घातलं.

“होय म्हाराजा!”

लाईट गेली. त्या दिवशी नव्हे, पण पुढे मोठ्या पावसात, भर दुपारी गेली ती येईना. पंप थांबला की पाण्यात हवा मिसळायची थांबते. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. बायकांनी तांबे घेतले आणि होडीतलं पाणी उंचावरून होडीतच ओतत राहिल्या. पास्कू कुठूनतरी त्याचं जुनं वल्हं घेऊन आला आणि होडीच्या कडेला उभा राहून पाणी ढवळायला लागला. जमिनीवर होडी वल्हवणारा माणूस बघायला सगळी वाडी जमली. हसून हसून बायकांच्या हातातले तांबे सांडत होते. मासे वाचले. मी दुसऱ्या दिवशी भंगारातल्या बॅटरीवर चालणारी हवेची छोटी मोटर बसवली, पण लाईट गेली की पास्कू अजून वल्हं घेऊन येतोच.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग भाजी पिवळी पडायला लागली.

मासे एकदम सुशेगाद, खाऊन पिऊन गुबगुबीत. आणि भाजीला कावीळ. पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळाफटक. लाल भाजी तर गुलाबीही होईना. मी पंप तपासला, पाइप तपासले, ढेकर मोजला. शालनवैनीने दृष्ट काढली. श्रावण लागला होता, चतुर्थी जवळ येत होती. फोनवर महेश विचारायचा, “आई, तिकीट काढू?” ती म्हणायची, “थांब जरा.” मग फोन ठेवून पिंपाजवळ येऊन नुसती बसायची. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवर खेकसत होतो.

कृषी कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना भाजीचे फोटो पाठवले. लगेच फोन आला.

“काका, पिंपात खडी कसली भरलीत?”

“खडी नाही मॅडम. तिसऱ्यांचे शिंपले. इथे घराघरामागे ढीग असतात. फुकट, धुतलेले, एकदम स्वच्छ.”

पलीकडून हसण्याचा आवाज. “काका, शिंपल्यांचं पूर्वी काय करायचे तुमच्याकडे?”

“काय म्हणजे? भट्टीत भाजून चुना...” एवढं बोललो आणि कपाळावर हात मारला.

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की शिंपला म्हणजे चुना. घरं त्याने लिंपली, पानाला तोच लावला. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, पाट्या भरभरून, तोच भाजीच्या मुळाशी घातला. शिंपला पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी चुनकट होतं, आणि तसल्या पाण्यातलं लोह झाडाला घेता येत नाही. ताट समोर आहे पण तोंड शिवलेलं, असं मॅडमनी समजावलं. बाकी जगात ही चूक होणार नाही. त्यासाठी एवढ्या तिसऱ्या खायला लागतात.

मी बायकांना गोळा करून सांगितलं. मग शालनवैनीच म्हणाली, “म्हणजे आमीच आमका चुनो लावलो?” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मॅडमनी उपायही सांगितला. व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फसफसणार नाही असा दगड शोधा. पास्कूच्या घरी माडाचा शिरका होता. शिंपला टाकला, फेस आला. जांभ्या चिऱ्याची कपची टाकली, ढिम्म. चिरेखाणीवर कपच्यांचे डोंगर पडलेले असतात, कोणी विचारत नाही. मात्र एक पथ्य होतं. सगळे शिंपले एकदम काढायचे नाहीत, कारण घाणीचं खत करणारे जंतू त्यांच्यावरच बसलेले. विरजण ठेवून दही लावतात तसं, अर्धं काढा, कपच्या घाला, थांबा, मग उरलेलं काढा. थांबायला वेळ कुठे होता? पण थांबलो. बायकांनी कपच्या लाल पाणी निघेपर्यंत धुतल्या आणि मग लाल पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतल्या. छपराच्या पाण्याने होडीतलं पाणी थोडं थोडं बदललं. आधी अळूने मान वर काढली. मग भेंडी. आणि नव्याने पेरलेली लाल भाजी एका सकाळी खरोखर लाल दिसली तेव्हा शालनवैनीने मला हाक मारली नाही, माझ्या बायकोला मारली. दोघी बघत उभ्या होत्या. मी मागून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

महेश चतुर्थीसाठी एकटाच आला, तोच आम्हाला गाडीतून बांद्याच्या बाजाराला घेऊन गेला. मी माझा मीच गाडीत बसलो, कोणी बोलावलं नव्हतं. शालनवैनीने जुन्या जागेवर पाटी मांडली. लाल भाजी, अळू, कोवळी भेंडी. चतुर्थीच्या आधीचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही. पहिलीच बाई थांबली, जुडी उचलली.

“खंयची गो भाजी?”

“आरोंद्याची. होडयेत पिकवलंव. खाली मासे, वर भाजी. माशांच्या पाण्यावर.”

बाईने जुडी खाली ठेवली. “मगे नको गो बाय. चवतीक शिवराक व्हयी.”

शिवराक म्हणजे शाकाहारी. आमच्याकडे एरवी माशाशिवाय घास उतरत नाही, पण गणपतीत मासळीचा वाससुद्धा चालत नाही. दुसरी बाई आली, ऐकून गेली. तिसरी आली, तीही गेली. बातमी पाटीच्या पुढे पुढे पळत होती. मी मनात पंपाचे सगळे प्रकार आठवले, यावर एकही उपाय सापडेना.

महेश आईच्या कानाशी वाकला. “आई, कशाला सांगतेस? नुसती भाजी म्हण ना! भाजीच तर आहे.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ती हरली तर त्याच्या घरी जाणार होती, आणि तिला जिंकायची युक्ती तोच सांगत होता.

“देवाच्या पानात वाढतले रे ते लोक,” ती म्हणाली. “तेंका फसवू? तां माझ्यान जावचां नाय.”

ऊन वर आलं. लाल भाजी मान टाकायला लागली. तेव्हा जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक म्हातारी थांबली. तिलाही शालनवैनीने होडी, मासे, पाणी, सगळं सांगितलं. आवाजात जोर नव्हता. म्हातारीने वाकून भाजी डोळ्यांजवळ नेली.

“नांगर लागलो हेका?”

“नाय.”

“बैल?”

“बैल खंयचो? हेका माती सुद्दा नाय.”

“अगो, मगे ऋषीक ह्येच्यापेक्षा चांगली भाजी खंयची?” म्हातारी एकदम मोठ्याने म्हणाली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा रिवाज. त्या दिवसाची भाजी शोधताना दरवर्षी बायकांची दमछाक होते. हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं.

“पण आये, मासे आसत ना तेंच्या पाण्यात,” शेजारची एक बोलली.

“असांदेत,” म्हातारी तिच्याकडे वळली. “शेणखतावरची भाजी जन्मभर खाल्लंस, ती शिवराक. मगे माशांच्या शेणान काय पाप केल्यान?”

म्हातारीने स्वतःला हवी तेवढी घेतली आणि जाताना येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगत गेली, “बैलाबगर पिकलेली आसा, ऋषीक घ्या.” ज्या बाईने पहिली जुडी खाली ठेवली होती ती परत आली, तेव्हा पाटीत चारच भेंड्या उरल्या होत्या. शालनवैनीने त्या तिला फुकटच दिल्या. महेश रिकामी पाटी उचलून गाडीकडे निघाला.

पाच दिवसांनी गणपती पोचवून तो मुंबईला गेला. त्याने विषय काढला नाही, शब्द पाळला. मी संध्याकाळी पंप बघायला शाळेच्या पटांगणात गेलो तर शालनवैनी पिंपाजवळ बसली होती. मी म्हटलं, “वैनी, जिकलास!”

“जिकलंय,” ती म्हणाली. “झील जाताना नातीचो फोन इलो. विचारल्यान, ‘आजी, तू हरलीस ना? आता येशील ना?’ मी सांगलंय, नाय गो बाय, जिकलंय.”

“मगे?”

“मगे काय? रडाक लागली पोर.”